पुस्तक, अंक की नाणं? आधी वस्तू ओळखा, मग टपालदर निवडा

शाळेचं जुनं क्रमिक पुस्तक ऑनलाइन दीडशे रुपयांना विकायचं आणि पाठवायला नव्वद रुपये मोजायचे, हा व्यवहार फार दिवस चालत नाही. टपालखर्च पाहून गिऱ्हाईक काढता पाय घेतं, नाहीतर विकणारा पदरमोड करतो. मग जो तो सगळ्यात स्वस्त दराच्या मागे लागतो आणि तिथेच गफलत होते. सवलतीचा दर विकणाऱ्याला मिळत नाही, घेणाऱ्यालाही मिळत नाही. तो वस्तूला मिळतो. विक्रीच्या पानावर ‘शैक्षणिक संग्रह’ असं ठळक लिहिलं म्हणून नाण्यांचा अल्बम पुस्तक ठरत नाही. म्हणून विक्रीची किंमत लावण्याआधीच पुढच्या क्रमाने जा.

१. मालाचे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात पुस्तकं: क्रमिक पुस्तकं, शब्दकोश, विश्वकोशाचे खंड, चरित्रं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. दुसऱ्यात नियतकालिकं: ‘किशोर’, ‘चांदोबा’, जुने दिवाळी अंक. तिसऱ्यात बाकी सगळं: नाणी, तिकिटं, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, शैक्षणिक खेळ, पत्ते, प्रतिकृती. भिंतीवरचे नकाशे आणि तक्ते छापील असले तरी पुस्तक नव्हेत. ते बाजूला ठेवा आणि काउंटरवर दाखवूनच दर ठरवा.

२. पहिल्या ढिगाला ‘ज्ञान पोस्ट’ची कसोटी लावा

भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, वर कर. टपाल जमिनीवरच्या मार्गाने जातं, पण त्याचा माग काढता येतो. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन चार प्रश्न विचारा.

• मजकूर शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक स्वरूपाचा आहे का?
• मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं आहे का? जुन्या पुस्तकांचं घोडं नेमकं इथे अडतं. पहिली आणि शेवटची पानंच आधी गळतात आणि नाव बहुधा त्यांच्यावरच असतं.
• ते ठरावीक काळाने निघणारं प्रकाशन तर नाही ना?
• आत व्यापारी जाहिराती आहेत का? प्रकाशकाने दिलेली आपल्या पुस्तकांची यादी किंवा ओघाने आलेली सूचना चालते. साबणाची, सायकलची जाहिरात चालत नाही.

‘किशोर’ बालभारतीचा, १९७१ पासून निघणारा, मुलांसाठीच काढलेला. त्याला शैक्षणिक नाही असं कोण म्हणेल? पण तो मासिक आहे, म्हणून या दरात बसत नाही. उलट त्याच बालभारतीचं सातवीचं भूगोलाचं पुस्तक, पहिलं पान शाबूत असेल तर, निर्धास्त पाठवावं.

३. पाकिटात पाहुणा घेऊ नका

चार पुस्तकांसोबत एक जुनं नाणं भेट म्हणून सरकवलं, की ते पाकीट निव्वळ पुस्तकांचं राहत नाही. गिऱ्हाइकाला लिहिलेली खासगी चिठ्ठीही आत टाकू नका. आभार मोबाइलवर मानता येतात. मिश्र माल विकला असेल तर दोन पर्याय राहतात: दोन वेगळी पाकिटं करा किंवा सगळ्याला पार्सलचा दर लावा. दोन्हींची बेरीज मांडून स्वस्त पडेल ते करा.

४. वजन बांधून झाल्यावर करा

पुस्तक २८० ग्रॅमचं असलं तरी दोन पुठ्ठे, प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी धरून पाकीट सहज ३०० ग्रॅमची मर्यादा ओलांडतं आणि वरच्या टप्प्याचा दर पडतो. घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. वजन मर्यादेच्या जवळ असेल तर जाड पुठ्ठ्याऐवजी पातळ घ्या, पण पावसाळ्यात आतली प्लॅस्टिकची पिशवी वगळू नका. जुना कागद ओल लागली की फुगतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

५. दुसऱ्या ढिगासाठी अंतर मोजा

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा अंकांची एखाद-दुसरी प्रत पाठवायला स्पीड पोस्ट हा सरळ मार्ग. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक टपालाला १९ आणि बाहेरगावी ४७ रुपये लागतात. २५१ ते ५०० ग्रॅमसाठी स्थानिक दर २८, तर २००० किलोमीटरपलीकडे ९३ रुपये. वर जीएसटी. पाच रुपये जास्त भरून नोंदणी किंवा ओटीपीने वितरण घेता येतं. महाग अंकासाठी ते पाच रुपये वाचवू नयेत.

अंतराचा अंदाज पिनकोडवरून येतो. पहिला आकडा ४ असेल तर पत्ता महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमधला. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत संस्कृतचे जाणकार श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. या सहा आकड्यांत एक चुकला तरी पाकीट भलत्याच गावी जाऊ शकतं, म्हणून पत्ता गिऱ्हाइकाकडून लिहूनच घ्या.

६. तिसऱ्या ढिगात किंमत पाहा

नाणी, तिकिटांचे अल्बम, काचपट्ट्या यांना पार्सल आणि विमा. इथे प्रश्न बदलतो. पाकीट हरवलं तर किती रुपयांचं नुकसान सोसवेल, ते आधी ठरवा. बांधण्यापूर्वी वस्तूचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

परदेशातून मागणी आली तर वस्तूचं वय तपासा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने पुरावशेष आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शिवराई कितीही आवडली तरी न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला नम्रपणे नाहीच म्हणायचं.

७. खर्च आधी सांगा

विक्रीच्या पानावर किमतीखालीच टपालखर्च आणि टपालाचा प्रकार लिहा. ज्ञान पोस्ट असेल तर ‘स्वस्त, पण वेळ लागेल’ हेही लिहा. घाईच्या गिऱ्हाइकाला जास्त पैसे भरून स्पीड पोस्ट निवडू द्या. पावती मिळाली की मागोव्याचा क्रमांक त्याच दिवशी पाठवा.

८. पाकीट उघडं न्या

मजकुराबद्दल शंका असेल तर पाकीट चिकटवून पोस्टात जाऊ नका. प्रकाशकाच्या नावाचं पान उघडून काउंटरवर दाखवा, दर पक्का करून घ्या आणि मग बंद करा. तेवढ्यासाठी चिकटपट्टी आणि कात्री पिशवीत असू द्या.