लीळाचरित्र आणि जिज्ञासा

नित्यनेमाने पोथी वाचणे निराळे आणि विचारीत विचारीत वाचणे निराळे. पहिल्याने शब्द मुखोद्गत होतात; दुसऱ्याने अर्थ आपलासा होतो. या भेदाचे थोर उदाहरण आपल्या वाङ्मयाच्या उगमापाशीच आहे.

श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिले. श्रीनागदेवाचार्य तेथे एकांती स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. आपण कसले मनन करता, असे म्हाइंभटांनी त्यांस विचारले. हे म्हाइंभट व्युत्पन्न पंडित. एकेकाळी विद्येच्या अभिमानाने स्वामींशी वाद करावयास गेलेले. उत्तरे देणारा पंडित आता प्रश्न विचारू लागला, आणि त्या प्रश्नातून शके १२०० च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ आकारास आले.

ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे म्हाइंभट स्वतः गेले. शेतात नांगर धरलेल्याच्या मागे चालत चालतही त्यांनी लीळा विचारून घेतल्या, असे परंपरा सांगते. आपल्या पोथ्यांत निरनिराळ्यांच्या आठवणींतील भेद ‘वासना’ म्हणून नोंदलेले आढळतात. दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांत हस्तीचा दृष्टांत आहे: एकेका अवयवाच्या स्पर्शाने संपूर्ण हत्ती कळत नाही. म्हणूनच अनेकांना विचारावे लागते.

हीच वाट आजच्या वाचकालाही मोकळी आहे. हिंगोली जिल्ह्यात कयाधूकाठी पोथी ऐकणाऱ्या एखाद्या वासनिकाने ‘बिढार’ हा शब्द ऐकून क्षणभर थांबावे. हा कोणता शब्द, असे विचारावे. बिढार म्हणजे उतरण्याचे ठिकाण. आपल्या नित्य बोलण्यातील ‘बिऱ्हाड’ त्याचेच भावंड. मग ध्यानी येते की स्वामींचे वास्तव्य कधी देवळात, कधी मठात. आज येथे, उद्या तेथे. भिक्षूंसाठी सांगितलेल्या नित्याटनाचा अर्थ त्या एका शब्दात साठवलेला आहे. आणि आपण ज्याला ‘माझे घर’ म्हणतो तेही बिऱ्हाडच, हे मग कोणी शिकवावे लागत नाही.

असा शोध दुसऱ्याने सांगून ठसत नाही. तो स्वतः विचारूनच लागतो. म्हणून भिक्षु असो वा वासनिक, आजच्या पाठात न कळलेला एक तरी शब्द निवडावा, आणि जाणत्यास नम्रतेने विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. म्हाइंभटांनी तोच मार्ग धरला होता.