करंबळ मागायला आलात? आधी क्रिएटिनिन सांगा

शाळेच्या फाटकाबाहेर बोरं-आवळ्यांच्या पाटीत तिखटमीठ लावलेल्या चांदणीच्या आकाराच्या फोडी मिळायच्या, ते हे फळ. कुणी करंबळ म्हणतं, कुणी करमर, कुणी कमरख. मॉलमध्ये गेलं की त्याचं स्टारफ्रूट होतं आणि भाव चौपट. पोर्तुगीजांच्या ‘कारांबोला’चं मूळ इंग्रजी कोश मराठी ‘करंबळ’मध्ये दाखवतात. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही हे फळ आहे. आमच्या परसात विहिरीमागे याचं एक झाड आहे, म्हणून हा आगाऊपणा.

लावताना काय करावं

- कलमच आणावं, तेही खात्रीच्या रोपवाटिकेतून. बियांचं झाड चार-पाच वर्षं वाट बघायला लावतं आणि शेवटी फळ आंबट निघालं तर तक्रार कुणाकडे करणार? कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळतं.
- बीच लावायची हौस असेल तर फळातून काढल्यावर लगेच लावावी. आठवडाभर कागदात गुंडाळून ठेवलेली बी बहुधा रुजत नाही.
- थोडी आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन द्यावी. कोकणातल्या जांभ्या मातीत झाड खुशीत असतं. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे शेणखत भरपूर घालावं.
- जागा असेल तर दोन वेगळ्या जातींची झाडं लावावीत. काही जातींना परपराग लागतो. एकटं झाड फुलतं खूप, धरतं कमी.
- फळं लिंबाएवढी झाली की कागदी पिशव्या बांधाव्यात. फळमाशी आणि पोपट, दोघांचाही बंदोबस्त होतो.

काय टाळावं

- जुन्या, पानं झडलेल्या फांद्या ‘वाळल्या’ समजून छाटू नयेत. गुलाबी-जांभळ्या फुलांचे गुच्छ त्यांच्यावरच येतात, अगदी खोडावरही. आमच्याकडे एकदा गड्याने झाड ‘साफ’ केलं आणि त्या साली लोणच्यापुरतीही फळं मिळाली नाहीत.
- संध्याकाळी पानं मिटलेली दिसली की झाड सुकलं म्हणून बादलीभर पाणी ओतू नये. ते झोपतं, इतकंच.
- हिरवं फळ तोडून आढीत घालू नये. रंग पिवळा होईल, गोडी वाढणार नाही. गोड हवं तर झाडावरच पिकू द्यावं.

टिकवताना

- लोणच्याला टणक, नुकतं पिवळं होऊ लागलेलं फळ घ्यावं. धुऊन, पुसून, पाचही धारांची तपकिरी कड सुरीने पातळ तासून काढावी, तुरटपणा बराच तिथेच असतो. मग आडव्या चकत्या कराव्यात, बिया काढाव्यात, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी फोडी निथळून मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट आणि गार केलेली फोडणी. सुटलेलं पाणी फेकू नये. चमचाभर आमटीला पुरतं.
- खारवलेल्या चकत्या कडक उन्हात चामट होईपर्यंत वाळवल्या की पावसाळ्यात चिंचेऐवजी चालतात.
- तांब्या-पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात फोडी मुरवू नयेत. हे आम्ल धातू खातं. आंबट फळाने पितळेची समई घासून बघा, कळेल.
- लोणचं घातलं म्हणजे विष गेलं, असं समजू नये. याचा खुलासा पुढे.

खाताना: हे मात्र नीट वाचा

करंबळात ऑक्झलेट भरपूर असतं, आंबट जातीत अधिक. शिवाय कॅरम्बॉक्सिन नावाचं मज्जातंतूंवर परिणाम करणारं द्रव्य असतं. ब्राझीलच्या संशोधकांनी ते २०१३ साली ओळखलं. धडधाकट मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि ते मेंदूपर्यंत पोचतं.

- मूत्रपिंडाचा विकार असेल, डायलिसिस चालू असेल, तर एक फोडही खाऊ नये. लोणचं नाही, सरबत नाही, प्रसादाचं ताट असलं तरी नाही. अर्ध्या फळानेही माणसं अत्यवस्थ झालेली आहेत.
- मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावं. मूत्रपिंड निम्मं गेलं तरी दुखत-खुपत नाही.
- ‘शुगर उतरते’ म्हणून पेलाभर रस पिऊ नये. निरोगी माणसानेही उपाशीपोटी, उन्हातून आल्यावर मोठा पेला रिचवू नये. चांगली मूत्रपिंडं त्याने बंद पडलेली आहेत. करंबळाच्या सख्ख्या भावंडाचा, बिंबलाचा, रस कोलेस्टेरॉलसाठी प्यायलेल्या दहा जणांची नोंद केरळमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये केली. त्यांपैकी सात जणांना डायलिसिस करावं लागलं.
- निरोगी माणसाने जेवणानंतर चार फोडी खाव्यात, वर पाणी प्यावं. नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं. ग्रेपफ्रूटसारखंच हे फळही काही औषधांचा रक्तातला अंश वाढवू शकतं.
- फळ खाल्ल्यावर काही तासांत न थांबणारी उचकी लागली, उलट्या झाल्या, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर साखर-पाणी देत बसू नये. ‘कुणीतरी आठवण काढतंय’ म्हणून हसण्यावारी तर मुळीच नेऊ नये. डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठावं आणि दारातच ‘करंबळ खाल्लंय’ असं सांगावं. वेळेत डायलिसिस झालं तर बरेच रुग्ण सावरतात. झटके सुरू झाल्यावर अवघड होतं.

हंगामात आमच्या दारी पिशवी घेऊन कुणी ना कुणी येतं. लोणच्यासाठी मागणाऱ्याला मी वर दोन फळं जास्त घालते. ‘रसासाठी हवीत, ह्यांची शुगर वाढलीय’ असं म्हणणाऱ्या वहिनींना पेरू देते.