मोबाईलवरील आहारशिक्षण आणि शेतकऱ्याचें ताट

भाजीच्या पाट्या पहाटेस बाजाराच्या वाटेला लागतात, आणि त्याच घरीं दुपारीं भाकरीबरोबर चटणी व पातळ आमटी एवढेंच जेवण असतें, हा प्रकार बागाईतदारांकडेही विरळा नाहीं. चांगला माल विकावा आणि उरलासुरला घरीं ठेवावा, अशी आपली जुनी रीत आहे. तिचें मोल मुख्यत्वें घरांतील स्त्रिया व मुलें देतात. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयानें पीडलेल्या आढळल्या. महाराष्ट्रही यास अपवाद नाहीं. रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत. तथापि निकस आहार हें त्यांतील एक मोठें कारण होय.

रोज किती खावें, याचें माप ठरलेलें आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ मनुष्यास रोज निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या खाण्यास सांगते. यांत बटाटा व रताळें धरावयाचें नाहीं. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत, सुमारें २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारांत ४०० ग्रॅम भाजी व १०० ग्रॅम फळ सांगितलें आहे. ही मार्गदर्शिका इंटरनेटवर विनामूल्य मिळते. बाजारभाव व पावसाचा अंदाज आपण ज्या मोबाईलवर पाहतों, त्यावरच हा धडा घेतां येईल.

परंतु नुसतें वाचून संवय पालटत नाहीं. जमीन सुधारावयाची तर आधीं माती तपासावी लागते. तसेंच हें आहे. म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवितों. पहिले सात दिवस निवडलेली कच्ची भाजी व घरीं खाल्लेलीं फळें तोलावीं, माणसांच्या संख्येनें भागावें आणि आंकडा मोबाईलवर टिपून ठेवावा. आठव्या दिवशीं तूट पाहावी. मग एकच लहान नेम करावा. उदाहरणार्थ, रोज एक पेरू, किंवा रात्रीच्या जेवणांत एक पालेभाजी. पांचसहा घरांनीं मोबाईलवर गट करून, नेम पाळला कीं नाहीं तें रोज एकमेकांस कळवावें, आणि महिन्यानें पुनः तोलावें.

यांत एक अडचण आहे. मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशांत असतो आणि चूल स्त्रीच्या हातीं. धडा एकानें वाचावा व स्वयंपाक दुसऱ्यानें करावा, त्यानें ताट बदलत नाहीं. सबब गटांत गृहिणीस आधीं घ्यावें. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास, किंवा जेवणांत पेरू वा आवळा असल्यास, धान्य व भाजींतील लोह शरीरांत अधिक मुरतें. जेवणावर लगेच चहा घेतल्यास कमी मुरतें, हें तिला अवश्य कळावें. अमुक फळानें मधुमेह समूळ जातो, अशा मजकुरावर मात्र विश्वास ठेवूं नये. मधुमेही व मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भाजी विकत घेणाऱ्यापेक्षां आपली स्थिति बरी आहे. विहिरीजवळचा एक गुंठा घरासाठीं राखावा. त्यांत मेथी, माठ, अंबाडी आळीपाळीनें पेरावी, बांधावर शेवगा, लिंबू व पेरू लावावे. मेथी महिन्याभरांत काढणीस येते. या गुंठ्याचा माल बाजाराच्या पाटींत जाऊं नये, एवढा निर्बंध पाळला तर मोबाईलवरचा धडा ताटांत उतरेल. हा प्रयोग करणाऱ्या वाचकांनीं दोन्हीं वेळचे आंकडे आम्हांस कळवावे, अशी विनंति आहे.