गीता ६.३५ : अभ्यास झाला, वैराग्याचं काय?



आज सहावा अध्याय, श्लोक ३४-३५. अर्जुन सरळ कबूल करतो, मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरणं. कृष्ण त्याला रागवत नाही. अवघड आहेच म्हणतो, आणि दोन उपाय सांगतो: अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास मला लगेच कळला. इंजिनिअर माणूस, एक्सेल शीट तयार! जानेवारी २०२० ची मुंबई मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर, माझी पहिलीच. टार्गेट साडेचार तास. वीकेंडला पुण्याहून गावी, जुन्नर तालुक्यात जायचो. शीटप्रमाणे पहाटे ४ ला निघायचं होतं. आजीने दारच अडवलं. "उजाडल्याबिगर उसाकडं जायचं न्हाई." आमच्याकडे उसात बिबट्या असतो, माणिकडोहला तर बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. मग उन्हातच पळालो. येडगाव धरण, ओझरला घामेजल्या टी-शर्टवर विघ्नहराचं दर्शन, कधी लेण्याद्रीच्या पायऱ्या, एकदा आंबेगावात घोडेगाव ते डिंभे. चार महिने एकही रविवार चुकवला नाही. (याचा थोडा गर्वही होता.)

मुंबईत तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड झाले. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा साधारण तिथेच संपत येतो, रनर त्याला 'वॉल' म्हणतात. पुढे पेडर रोडचा चढ. घड्याळ पाहिलं, साडेचार तासांत पोचणं आता शक्यच नव्हतं. फुटपाथवर बसलो. पाय अजून चालले असते, खरं सांगतो. पण मन म्हणालं, आता कशासाठी?

एका काकूंनी संत्र्याची फोड हातात दिली. "कुठले?"

"जुन्नर."

"मग शिवनेरी चढणारे तुम्ही! हा कसला चढ?"

हसू आलं. घड्याळ काढून खिशात टाकलं आणि उठलो. वैराग्य म्हणजे पळणं सोडणं असं मला वाटायचं. त्या दिवशी सोडायचे होते ते फक्त साडेचार तास. शेवटचे सहा-सात किलोमीटर थोडं चाललो, थोडं पळालो, नामस्मरण चालू होतं. पाच तास वीस मिनिटं लागली. हो, फिनिश लाइनवर खिशातलं घड्याळ काढून पाहिलंच!

उद्या श्लोक ३६-३७. श्रद्धा आहे पण माणूस अर्ध्या वाटेत सुटला, तर त्याचं काय होतं, हे अर्जुन विचारतो. त्या फुटपाथवर मलाही तेच विचारायचं होतं.