पेज विसरली, जालंदर आठवतो

प्रश्न : आमचे आजोबा 84 वर्षांचे आहेत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दशावताराच्या नाटकांत राजपार्टी, म्हणजे राजाची कामं, केली. हल्ली ते सकाळी नऊला पेज जेवतात आणि दहा वाजता माझ्या आईला विचारतात, "अगो, माका अजून पेज वाढूक नाय काय?" पण शेजारच्या घरी कुणी पायपेटीवर हात ठेवला, की जालंदर राक्षसाचं अख्खं भाषण सुरू होतं, तेही आवाज चढवून. तासाभरापूर्वीचं आठवत नाही, मग 50 वर्षांपूर्वीचं कसं आठवतं? मेंदूत आठवण साठते तरी कुठे? आणखी एक. कालावलच्या खाडीत नाटकाच्या सामानाच्या पेटाऱ्यासकट होडी कलंडल्याची गोष्ट ते सांगतात, ती दर वेळी बदलते. कधी पेटारा बुडतो, कधी वाचतो. ते थापा मारतात का?
— एक वाचक, मसुरे, ता. मालवण

उत्तर : आधी पेजेचं बघू, कारण तिथे एक समुद्रघोडा आडवा येतो.

दोन्ही कानशिलांच्या आत, मेंदूच्या खोल भागात, एकेक वळलेली पट्टी असते. 1587 साली आरांझी नावाच्या इटालियन वैद्याला ती शेपटी गुंडाळलेल्या समुद्रघोड्यासारखी दिसली. तेच नाव तिला चिकटलं : हिप्पोकॅम्पस. मालवणात जाळ्यात चुकून आलेला समुद्रघोडा ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही उपमा समजावून सांगायला नको. (तो संरक्षित प्राणी आहे; सापडला तर परत पाण्यात सोडायचा.) आज कोण येऊन गेलं, पेजेबरोबर तोंडी लावायला काय होतं, चावी कुठे टांगली, असल्या ताज्या घटनांची पहिली गाठ हा समुद्रघोडा मारतो. वय झालं की तो थोडा आक्रसतो, आणि काही आजारांत पहिली पडझड त्याच्या आसपासच होते. तुमच्या आजोबांची पेज पोटात गेली, पण तिची गाठ बसली नाही. आपण म्हणतो ते विसरले. पण विसरायला आधी काही नोंदलं जावं लागतं. म्हणून "आत्ताच तर जेवलात, जरा आठवा" असं कितीही म्हटलं तरी उपयोग होत नाही. आठवायला आत काही नाहीच, आणि माणूस उगाच ओशाळतो किंवा चिडतो.

हे ज्ञान एका माणसाला फार महागात पडलं. 1953 साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या. पण त्या दिवसापासून 2008 साली मरेपर्यंत नवीन घटना म्हणून त्याच्या डोक्यात जवळजवळ काही टिकलं नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या, आणि प्रत्येक भेटीत त्यांची ओळख नव्याने करून द्यावी लागे. लहानपणच्या गोष्टी मात्र तो सांगू शकत असे. मिल्नरबाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. पहिल्या दिवशी हात वेडावाकडा गेला, तिसऱ्या दिवशी सफाईदार झाला. आणि तरीही, हे आपण आयुष्यात प्रथमच करतोय असंच त्याला वाटत होतं. म्हणजे हाताची शिकवण एका वाटेने जाते, घटनेची दुसऱ्या. जुन्या आठवणी बऱ्याच अंशी समुद्रघोड्याच्या हातून सुटून मेंदूच्या वरच्या थरांत पांगलेल्या असतात. ताजं आधी जातं, जुनं मागे राहतं, हे फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी 1881 मध्येच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडच्या कुठल्याही पडवीत बसून त्यांना हेच दिसलं असतं.

पण "मागे राहतं" म्हणजे नक्की काय राहतं?

माणसाच्या मेंदूत साधारण 8,600 कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. बहुतेक ठिकाणी दोघींमध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते. एका केसाच्या जाडीत अशा हजारो फटी मावतील. एक पेशी फटीत रसायन सोडते, पलीकडची ते टिपते. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात, आणि एकेका पेशीला असे हजारो सांधे असतात. आठवण ठेवायला मेंदूत वेगळं कपाट नाही. काही सांधे घट्ट होतात, काही सैल पडतात, काही नवे फुटतात. त्या बदललेल्या जोडणीलाच आपण आठवण म्हणतो. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी 1894 मध्ये असा अंदाज बांधला होता, कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये त्याला नियमाचं रूप दिलं, आणि 1973 मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तो प्रत्यक्ष मोजला : विजेचे थोडके जलद झटके दिल्यावर तिथला सांधा कित्येक तास जास्त जोराने बोलत राहिला.

सांध्याला कसं कळतं कधी घट्ट व्हायचं? इथे मला रापण आठवते. जाळ्याचं एक टोक किनाऱ्याच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला, आणि दोन्हीकडे माणसं दोर खेचतायत. एकाच बाजूने जोर लावला तर जाळं तिरकं होतं, हाती काही लागत नाही. दोन्ही बाजू एका वेळी ओढल्या तरच मासळी वाळूवर येते. सिनॅप्सच्या पलीकडच्या काठावर एक खास दार असतं, आणि त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. नुसतं रसायन येऊन आदळलं तर बूच हलत नाही. पलीकडची पेशी त्याच क्षणी स्वतःही उत्तेजित असेल, तर बूच उडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन्ही दोर एकदम ओढले गेले याची ती खूण. मग आत धावपळ सुरू होते : रसायन टिपणारे आणखी रेणू काठावर आणून बसवले जातात, आणि तोच निरोप आता जास्त मोठ्याने ऐकू येऊ लागतो. पायपेटीचा सूर आणि जालंदराचं पहिलं वाक्य आजोबांच्या डोक्यात एकाच वेळी किती रात्री वाजले असतील, त्याचा हिशेब करून बघा.

मात्र हा बदल तासाभराचा, फार तर काही तासांचा. तो कायमचा कसा होतो हे दाखवून दिलं दुसऱ्या एका समुद्री जिवाने. त्याला समुद्री ससा म्हणतात. हा कवच जवळजवळ हरवलेला, मऊ, लिबलिबीत गोगलगायीचा भाऊबंद. डिवचलं तर जांभळी शाई सोडतो. त्याच्या कुळातले प्राणी कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांतही भेटतात. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी प्रयोगांसाठी कॅलिफोर्नियाची जात निवडली, कारण तिच्यात जेमतेम 20,000 चेतापेशी असतात आणि काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. या प्राण्याला हात लावला की तो कल्ला आत ओढतो. शेपटीला एक झटका दिला, तर पुढची काही मिनिटं तो साध्या स्पर्शालाही दचकतो. तेच झटके थोडे थोडे करून चार दिवस दिले, तर तो आठवडे उलटले तरी दचकतच राहतो. एका झटक्याने सांध्यात फक्त रसायन जास्त सुटतं. वारंवारच्या झटक्यांनी निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जातो, तिथली जनुकं जागी होतात, नवी प्रथिनं बनतात, आणि त्या पेशीचे सांधे जवळपास दुप्पट होतात. कँडेल यांना 2000 सालचं नोबेल या कामासाठी मिळालं, आणि माझ्या मते त्यातला निम्मा वाटा त्या सशाचा होता.

एकदम भरपूर शिकवण्यापेक्षा मध्ये अंतर ठेवून पुन्हा पुन्हा शिकवलेलं पक्कं होतं, हे यातून निघतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना ते पटत नाही, दशावताऱ्यांना सांगावं लागत नाही. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात (आणि ती तुळस म्हणजे जालंदराची बायको वृंदाच), मग चैत्रापर्यंत आज या गावात, उद्या त्या गावात. मध्यरात्रीच्या सुमाराला उभं राहायचं, पहाटे दहीकाला, दिवसा झोप. झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभराचे अनुभव पुन्हा पुन्हा वाजवून बघतो, हे उंदरांच्या मेंदूत 1994 मध्ये दिसलं आहे. एका हंगामातच कितीतरी तालमी, आणि त्यातली एकही तालीम म्हणून केलेली नाही. त्यात रंगमंचाची धास्ती, समोर बसलेलं गाव, फुसफुसणारी पेट्रोमॅक्स. भावना तीव्र असली की मेंदू सांधे जास्त चटकन पक्के करतो. पेज निवांत, रोजची, बिनधास्तीची. तिला ही संधी कधीच मिळाली नाही.

आता एक कोडं, जे मला व्यक्तिशः या सगळ्यात सर्वांत भुरळ घालतं. सांध्यातली प्रथिनं फार टिकत नाहीत. काही दिवसांत, काही आठवड्यांत ती मोडतात आणि नवी येतात. मग आठवण 50 वर्षं कशी टिकते? डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी 1984 मध्ये हाच प्रश्न विचारला. त्याचं एक संभाव्य उत्तर तुमच्या आजोबांना लगेच कळेल. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर ही दशावतारी मंडळं बघा. त्यांतला पहिला राजा गेला, पहिली स्त्रीपार्टी गेली, पायपेटीवरचा हात बदलला. नाव आणि आख्यान चालू आहे. कारण नवा पोरगा एकदम सगळ्यांच्या जागी येत नाही, तो जुन्यांच्या मध्ये येतो आणि जुने त्याला तयार करतात. सिनॅप्समध्ये बारा तुकड्यांचं एक प्रथिन असतं. त्याचा एकेक तुकडा निघून नवा बसतो, आणि आधीपासून जागे असलेले शेजारी नव्यालाही जागं करतात. 2018 मध्ये बंगळूरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात दिलावर सिंग आणि उपिंदर भल्ला यांनी संगणकावर हे मांडून दाखवलं : तुकड्यांच्या अशा अदलाबदलीमुळे हे प्रथिन आपली अवस्था जास्त काळ धरून ठेवतं.

आता खाडी आणि पेटारा. थापा नाहीत. दशावताराला लिखित संहिता नसते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तोंडाला सफेदा लावता लावता आज कुठलं आख्यान, कोण कोण, कुठे प्रवेश, एवढंच ठरतं. बाकी बाकाच्या सिंहासनावर बसल्यावर सुचेल तसं. काल जालंदर दहा मिनिटं बोलला, आज चार, कथा तीच. आपल्या बहुतेक आठवणी अशाच उभ्या राहतात. सांध्यांत सांगाडा असतो, मांस त्या त्या वेळी चढतं. आणि एक गुंता आहे. न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि जोसेफ लेडू यांनी 2000 साली उंदरांवर दाखवलं, की पक्की झालेली आठवण पुन्हा जागवली की तिचे सांधे काही तास मऊ पडतात, आणि त्यांना परत नव्याने घट्ट व्हावं लागतं. त्या मऊ वेळेत काही मिसळलं तर ते आत राहून जातं. एका वर्षी कुणी हसून म्हणालं असेल, "आणि मगे पेटारो खंय गेलो?" त्या हसण्यासकट पेटारा बुडाला. पुढच्या वर्षी वाचला.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. नाव पटकन न सुचणं, चष्मा हरवणं हे वयाचं. पण तासाभरापूर्वीचं जेवण रोजच पुसलं जात असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, नैराश्य, अगदी कमी ऐकू येणंसुद्धा विसराळूपणा वाढवतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. अल्झायमर निघाला तरी लवकर कळलेलं बरं. तोवर दहाच्या पेजेला नकार देण्यापेक्षा नऊला अर्धी वाटी वाढा आणि दहाला उरलेली अर्धी.

आणि त्यांना "आठवतंय का?" असं विचारू नका, त्या प्रश्नाला समुद्रघोडा लागतो. पायपेटी वाजली की समोर बसा, पदर सावरून वृंदेचं एक वाक्य टाका, आणि थांबा. दशावतारात समोरच्याने वाक्य टाकलं की राजाला गप्प बसता येत नाही.