फायरवॉलचा निर्माता निवृत्त झाल्यावर

प्रश्न : पानपिंपळी व केळीच्या व्यापाऱ्यांची संकेतस्थळे आणि ईमेल मी एका लिनक्स सर्व्हरवर सांभाळतो. त्यावरील ‘सीएसएफ’ फायरवॉलची कंपनी बंद झाली. आता काय करावे?
– एक वाचक, अंजनगाव सुर्जी

उत्तर : ‘वे टू द वेब’ या कंपनीने ३१ ऑगस्ट २०२५ रोजी आपला कारभार आटोपला हे खरे, परंतु जाताना तिने सीएसएफची संहिता जीपीएल परवान्याखाली सर्वांस खुली केली असल्यामुळे, आणि प्रत्यक्ष अटकावाचे कार्य लिनक्सचे कर्नलच घालून दिलेल्या नियमांनुसार करीत असल्यामुळे, आपला बंदोबस्त रातोरात ढासळला असे समजण्याचे कारण नाही. धोका आहे तो पुढील दुरुस्त्यांच्या अभावाचा.

म्हणून प्रथम सीएसएफचे स्वयंचलित अपडेट बंद करावे, सेटिंगच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी आणि मग एखादी नियमित देखभाल होणारी सीएसएफची शाखा किंवा ‘एनएफटेबल्स’ व ‘फेलटूबॅन’ यांची जोडी स्वीकारावी. बदल करताना एसएसएचचे चालू सत्र तोडू नये. अन्यथा चुकीच्या नियमाने मालकासच मज्जाव होतो.

ईमेलची तजवीज मात्र स्वतंत्र हवी : छाननीस ‘आरस्पॅमडी’ व ‘क्लॅमएव्ही’, प्रत्येक डोमेनास एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्कच्या नोंदी, आणि २५ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर पाठविण्याची मुभा केवळ मेल सर्व्हरास.

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये लॉगचे दफ्तर १८० दिवस जपणे व सायबर घटनेची वर्दी ६ तासांत देणे बंधनकारक आहे, याचे विस्मरण होऊ देऊ नये.