उत्तर देणाऱ्यांचे आवाज

शिकागोत राहायला आल्यापासून मी जॅझ आणि गॉस्पेलच्या रेकॉर्ड्स जमवतो आहे. नव्याने ऐकायला लागलेली मंडळी, त्यात मुंबई-पुण्याचीही असतात, सुरुवात कुठून करू म्हणून विचारतात. नुसती यादी देऊन भागत नाही. म्हणून इतक्या वर्षांत कानाला लागलेल्या सवयी आणि पक्की झालेली मतं सांगतो.

१. दोन्ही एकाच कपाटात ठेवा.

दुकानात जॅझ दर्शनी भागात असतं आणि गॉस्पेल पार मागच्या कोपऱ्यात. माझ्या घरी रेकॉर्ड्स वर्षाप्रमाणे लावल्या आहेत. त्यामुळे १९५८-५९ च्या कप्प्यात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर ‘कम संडे’ गाणारी महालिया जॅक्सन, आर्ट ब्लेकीचं ‘मोनिन’ आणि चार्ल्स मिंगसचं ‘बेटर गिट इट इन युअर सोल’ एकमेकांना खेटून उभी आहेत. ‘मोनिन’ची चाल बांधणारा पियानोवादक बॉबी टिमन्स धर्मोपदेशक आजोबांच्या घरात वाढला. त्या चालीत पियानो एक वाक्य म्हणतो आणि बाकीची वाद्यं दोन सुरांत ‘आमेन’ म्हणून मोकळी होतात. झीलकऱ्यांशिवाय शाहिराचा पोवाडा उभा राहत नाही, तसंच हे आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बोलणारा एकटा कधीच नसतो. त्याला उत्तर देणारे समोर बसलेले असतात, आणि जॅझवाले ती जागा वाद्यांनी भरतात. एकदा हे कानाला कळलं की दोन वेगळी कपाटं करावीशी वाटत नाहीत.

२. गायकापेक्षा उत्तर देणाऱ्यांवर कान ठेवा.

यासाठी अरीथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’ हा जोड-अल्बम घ्यावा. १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये तो ध्वनिमुद्रित झाला. तोवर अरीथा सोल संगीताची सम्राज्ञी झालेली होती. तिला उत्तम स्टुडिओ मिळाला असता, पण तिने चर्च निवडलं, कारण समोर माणसं हवी होती. जेम्स क्लीव्हलंड पियानोवर, सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर मागे, आणि ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी.

पहिल्यांदा ऐकताना अरीथाच ऐका, तिला टाळून दुसरं काही ऐकता येणारच नाही. दुसऱ्यांदा मात्र तिचा आवाज थोडा बाजूला सारा आणि बाकीचे काय करतात ते बघा. शीर्षकगीत जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे. ती एकेक अक्षर लांबवत जाते, तसा कुणीतरी एकटा हुंकार देतो, मग एका रांगेतून ओरड येते, मग क्वायरमधल्या एकीचा ताबा सुटतो. त्यातलं प्रत्येक उत्तर ती कानावर घेते आणि पुढची जागा त्यावरून ठरवते. दिग्दर्शक सिडनी पोलॅकने याचं चित्रीकरण केलं होतं, पण दृश्य आणि आवाज जुळवण्याची खूणपाटी न वापरल्याने काम अडलं, आणि तो चित्रपट प्रेक्षकांसमोर यायला २०१८ उजाडलं. त्यात क्लीव्हलंड गाणं चालू असतानाच पियानो सोडून रडताना दिसतो. समोरच्या रांगेत अरीथाचे वडील आणि जिला पाहून ती गायला शिकली ती क्लारा वॉर्ड बसलेली आहे. चित्रपट जरूर पाहा, पण रेकॉर्ड आधी ऐका.

३. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर.

आपला कान समेवर पोसलेला, हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. इथे चार मात्रांत टाळी दुसरीवर आणि चौथीवर पडते, आणि सगळं झुलणं त्यातून येतं. घरी रेकॉर्ड लावून मांडीवर थाप देत सराव करावा. त्यानंतर कुठल्याही स्विंग बँडच्या ड्रमरचा डावा पाय काय करतो आहे ते लगेच उमजतं.

४. टॉमस डॉर्सीच्या दोन्ही बाजू ऐका.

गॉस्पेलचा जनक म्हणतात तो डॉर्सी आधी ‘जॉर्जिया टॉम’ होता. ब्लूज गायिका मा रेनीच्या मागे पियानो वाजवायचा, आणि १९२८ साली टँपा रेडबरोबर त्याने केलेलं ‘इट्स टाइट लाइक दॅट’ हे चावट ब्लूज तुफान खपलं होतं. १९३२ मध्ये त्याची बायको नेटी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ आलं. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महालियाने हेच गायलं. डॉर्सीने ब्लूजच्या सुरावटी आणि वळणं चर्चमध्ये आणली तेव्हा अनेक पाळकांना ती खपली नाहीत. मला विचाराल तर त्याचं धाडस मोठं होतं, आणि ते कळायला जॉर्जिया टॉमची रेकॉर्ड घरात असलीच पाहिजे. डॉर्सीने जिथे क्वायर घडवला ते पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्च इथेच शिकागोच्या साउथ साइडला आहे. २००६ च्या आगीत आतलं सगळं जळालं, दगडी भिंती तेवढ्या उरल्या.

५. ‘निर्गम’ वाचून ठेवा.

मित्र विचारतात, तू ख्रिस्ती नाहीस, मग हे का ऐकतोस? श्रद्धा नसली तरी चालेल, पण शब्दांकडे दुर्लक्ष करून नुसती गायकी ऐकू नये असं माझं ठाम मत आहे. मराठी बायबलातलं ‘निर्गम’ पुस्तक वाचा. मोशे, फारो आणि गुलामीतून निघालेले इस्राएली लोक तिथे भेटतील. अमेरिकेत गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्यांनी ही आपलीच कथा मानली. त्यांच्या गाण्यांत जॉर्डन नदी ओलांडणं म्हणजे मरणानंतरचा किनारा असतो, आणि पुष्कळदा या जन्मातली सुटकाही. फिस्क विद्यापीठाच्या जुबिली सिंगर्सनी १८७१ पासून ही स्पिरिच्युअल्स देशोदेशी नेली. साठच्या दशकात नागरी हक्कांच्या मोर्चांतही त्यांचेच शब्द फिरवून गायले गेले.

६. बाजू उलटण्याचा कंटाळा करू नका.

७८ च्या दहा इंची रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. महालियाचं ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ त्यात मावणारं नव्हतंच. १९४७ साली अपोलो कंपनीसाठी मुद्रित झालेलं हे गाणं दोन बाजूंवर विभागून आलं आणि प्रचंड खपलं. मी ते शक्यतो मूळ रेकॉर्डवरच ऐकतो. पहिली बाजू संपते, गाणं अजून वर चढायचं असतं, आणि उठून रेकॉर्ड उलटावी लागते. सलग जोडलेल्या आवृत्तीत ती ताटकळ उरत नाही.

या रेकॉर्ड्स लाखेच्या, आणि लाख मुख्यतः भारतातून जायची, पूर्वेकडच्या जंगलांतून. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले तेव्हा अमेरिकेत लाखेचा तुटवडा पडला आणि जुन्या रेकॉर्ड्सचा चुरा करून नव्या बनवल्या जाऊ लागल्या. त्यात किती संगीत दळलं गेलं याचा विचार मला आजही सहन होत नाही.

वाजवताना सुई मात्र वेगळी हवी. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ३ सहस्रांश इंचाचं टोक लागतं. एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासत राहते. आणि खरखर पूर्ण पुसून टाकलेल्या आवृत्त्या घेऊ नयेत. खरखरीबरोबर श्वास आणि पायाचा ठेकाही जातो.

७. कोल्ट्रेनला आधी चर्चच्या दारातून भेटा.

आपल्याकडचे रसिक जॉन कोल्ट्रेनची ओळख ‘इंडिया’ या रचनेपासून करून देतात. त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं हेही आवर्जून सांगतात. भारतीय संगीताबद्दलचा त्याचा आदर खरा होता. पण त्याचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते आणि नॉर्थ कॅरोलिनात आईच्या वडिलांच्या घरात तो वाढला. त्याच्या वाजवण्याचं मूळ मला तिथे सापडतं.

‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. शेवटचा भाग आहे ‘साम’, म्हणजे स्तोत्र. कोल्ट्रेनने लिहिलेली प्रार्थना वेष्टनावर छापलेली आहे. ते वेष्टन हातात धरून हा भाग ऐका. सॅक्सोफोन ती प्रार्थना अक्षराअक्षराने उच्चारतो, ओळीच्या शेवटी थांबतो, पुढची ओळ जरा वरून उचलतो. पाळक प्रवचन करताना नेमकं हेच करतो. पटत नसेल तर अरीथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचनं ऐका. इथल्याच चेस कंपनीने त्यांच्या एलपी काढल्या होत्या. शांत गद्यात सुरू झालेलं बोलणं शेवटाकडे गाणंच होतं. त्यांच्यानंतर लगेच ‘साम’ लावा. आणि मग ‘अलाबामा’. १९६३ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या, त्यानंतर दोन महिन्यांनी वाजवलेलं. ते मी पाहुणे असताना लावत नाही.

८. गोवा-मुंबईचा कप्पा वेगळा, पण हवाच.

शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमध्ये पियानो वाजवत होता. आपल्या बाजूने गोव्याचे वादक तयार होते. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन पक्कं शिकवलं जाई. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांच्यातलाच. भगवानदादांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, सी. रामचंद्रांच्या संगीतावर तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. चर्च दोन्हीकडे आहे म्हणून दोन्ही सारखं मानू नये. गोव्याच्या चर्चने वाचून वाजवणं दिलं, साउथ साइडच्या चर्चने उत्तर देणं दिलं. मला दोन्ही प्रिय आहेत.

९. पैसे छोट्या कंपन्यांच्या गॉस्पेलवर खर्च करा.

ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्ड्सच्या पहिल्या छापासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात. मधल्या कोऱ्या पट्टीवरची व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं आणि कानाच्या आकाराची खूण भिंगाखाली शोधतात. त्या खुणा मलाही ओळखता येतात, पण ते संगीत उत्तम पुनर्मुद्रणात सहज मिळतं. गॉस्पेलच्या ४५ च्या रेकॉर्ड्सचं तसं नाही. गावोगावच्या चर्चनी आणि लहान कंपन्यांनी थोड्या प्रती काढल्या, त्या पुन्हा छापल्याच गेल्या नाहीत. २००५ साली रॉबर्ट डार्डन यांनी वर्तमानपत्रातून हा नष्ट होणारा ठेवा वाचवा म्हणून लिहिलं. त्यातून टेक्सासच्या बेलर विद्यापीठात या रेकॉर्ड्सच्या जतनाचं काम उभं राहिलं. मागच्या बाजूही तपासाव्यात, नागरी हक्कांची गाणी बऱ्याचदा तिथे सापडतात.

अशी रेकॉर्ड हाती आली की मी आधी लेबलचा फोटो काढतो. मग ती जिथली असेल त्या चर्चमधल्या वयस्कर बायांना ऐकवतो. त्यांना आवाज ओळखू येतात. मुख्य गायकाचं नाव लेबलवर असतं, मागून साथ करणाऱ्यांची नावं त्या सांगतात, आणि मी ती चिठ्ठीवर लिहून वेष्टनात ठेवतो.